पहिलं लाकडी जहाज: खोका उघडण्यापासून दोर ओवेपर्यंत

माझं पहिलं जहाज तिसऱ्या महिन्यात वाकडं झालं. तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेच्या लाकडी प्रतिकृतीचं किट होतं, खोक्यावर भरल्या शिडांचं देखणं चित्र होतं आणि मला सांगणारं कोणी नव्हतं. उजव्या बाजूच्या बारा फळ्या लावून झाल्यावर सहज ते हातात घेतलं, एक डोळा मिटून कण्याच्या रेषेत पाहिलं, तर कणा केळ्यासारखा वळलेला. मी एकाच बाजूच्या फळ्या लावत सुटले होते, दुसऱ्या बाजूची एकही नाही. ओढूनताणून बसवलेल्या फळ्यांनी सांगाडा आपल्याकडे खेचून घेतला होता. सूचनापत्रकात याबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्यानंतर चार जहाजं पूर्ण झाली. त्या पाचांच्या जोरावर हे लिहितेय. यात सांगाडा आणि फळ्यांबद्दल जास्त आहे, दोरांबद्दल कमी. दोरांचं जाळं बघून लोक घाबरतात खरे, पण जहाजं अर्धवट सुटतात ती फळ्यांपाशी. आणि फळ्या बिघडतात त्या बहुतेक वेळा त्यांच्या आधीच्या कामामुळे, जे शेवटी झाकून जातं आणि कोणाला दिसतही नाही.

१. जहाज निवडताना हौसेला थोडा लगाम घाला

प्रत्येकाला पहिल्यांदा 'व्हिक्टरी'च बांधायची असते. १७६५ साली पाण्यात उतरलेली, १०४ तोफांची, ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची युद्धनौका. तिचं नुसतं धड सुमारे ६९ मीटर आहे. १:७२ या प्रमाणात ते ९६ सेंटिमीटर होतं, त्यात पुढे आलेली तिरपी काठी धरलेली नाही. शिवाय तोफा १०४, म्हणजे तोफगाडे १०४, प्रत्येक गाड्याला चार चाकं. सातव्या तोफगाड्याला मजा संपते, मग उरतात सत्त्याण्णव.

पहिल्यांदा एक डोलकाठीची छोटी नाव घ्या, किंवा डोलकाठीच नसलेली होडी. मी सुचवेन डोरी. उत्तर अटलांटिकमध्ये कॉड मासे पकडणाऱ्या स्कूनर जातीच्या शिडाच्या जहाजांवर या सपाट तळाच्या होड्या असत. बसायच्या आडव्या फळ्या काढून त्या डेकवर भांड्यांच्या उतरंडीसारख्या एकात एक रचून ठेवायचे. फळ्या मोजक्या, रुंद आणि कमी वळणाच्या. १:२४ प्रमाणात मोठा माणूस सात सेंटिमीटरचा होतो, त्यामुळे सगळं हातात मावतं आणि डोळ्यांना दिसतं. मला रोज तासभर बसून दीड महिना लागला.

प्रमाणाचं गणित एकदा डोक्यात बसवून घ्या. १:४८ मध्ये खऱ्या जहाजाचा एक फूट म्हणजे पाव इंच, ६.३५ मिलिमीटर. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजी आरमारासाठी केलेल्या प्रतिकृतींमध्ये हे प्रमाण बरंच वापरात होतं. १:६४ ला एक फूट ४.७६ मिमी, १:७२ ला ४.२, १:९६ ला ३.२. नवख्याने १:६४ पेक्षा बारीक प्रमाणात जाऊ नये असं माझं मत आहे. प्रमाण ठरलं की पुठ्ठ्याचा एक माणूस कापून टेबलावर उभा करा. १:६४ ला तो २६ मिमीचा होईल. दाराची उंची, कठड्याची उंची, जिन्याची पायरी, काहीही चुकलं की तो पठ्ठ्या लगेच दाखवून देतो.

किटचे मुख्य तीन प्रकार दिसतील. पहिल्यात धड भरीव लाकडाचं असतं, फक्त घासून आकार द्यायचा. दुसऱ्यात एका उभ्या कण्यावर आडवे बल्कहेड, म्हणजे जहाजाच्या आडव्या छेदाच्या आकारात कापलेले लाकडी भाग, बसवून वर फळ्या लावतात. बहुतेक किटं याच प्रकारची असतात आणि हा लेखही त्याबद्दलच आहे. तिसऱ्या प्रकारात खऱ्या जहाजासारखी एकेक बरगडी जोडून बांधतात. तो प्रकार पाचव्या-सहाव्या जहाजासाठी ठेवा. दुसऱ्या प्रकारात फळ्यांचे दोन थर असलेलं किट नवशिक्याला बरं पडतं, कारण पहिल्या थराच्या चुका दुसऱ्याखाली जातात.

एक सापळा इथेच आहे. ओळखीच्या किटची चोरून केलेली नक्कल खूप स्वस्तात मिळते. आराखड्याची झेरॉक्स, त्याच्यावरून कापलेले भाग, आणि झेरॉक्समध्ये प्रमाण हललेलं. खाचा जुळत नाहीत आणि विचारायला बनवणाराच नसतो. विक्रेता किट कोणी तयार केलं, आराखडे कोणी काढले हे सांगत नसेल तर घेऊ नका.

२. खोका उघडलात? गोंद लांब ठेवा

पहिले दोन-तीन दिवस नुसतं वाचा. आराखड्याचे सगळे कागद भिंतीवर लावा. सूचनापत्रक बऱ्याचदा कुठल्या तरी तिसऱ्याच भाषेतून आलेलं असतं, त्यामुळे शंका आली तर आराखड्यातल्या चित्रावर विश्वास ठेवा, मजकुरावर नको.

मग या गोष्टी तपासा:

- भागांची यादी आणि प्रत्यक्ष भाग. कमी असेल तर आत्ताच कळवा, सहा महिन्यांनी कोणी दाद देत नाही.
- कणा. काचेवर आडवा ठेवून बघा. किंचित वाकलेला असेल तर ओल्या फडक्याने पुसून, दोन सपाट पाटांमध्ये वजनाखाली दोन दिवस दाबून ठेवा. तरीही सरळ होत नसेल तर बदलून मागा. वाकड्या कण्यावर सरळ जहाज होत नाही.
- फळ्यांच्या पट्ट्या. जाडीप्रमाणे वेगळ्या करून प्रत्येक जुडीवर चिठ्ठी बांधा. १.५ मिमीची लाइमवुड (एक फिकं, मऊ लाकूड) आणि १ मिमीची लाइमवुड नजरेला सारखीच दिसते. व्हर्नियरने मोजा.
- लेझरने कापलेल्या भागांवर क्रमांक नसेल तर पाटीतून सुटा करण्याआधीच पेन्सिलने लिहा. एकदा सुटे झाले की बल्कहेड सहा आणि सात सख्खे भाऊ वाटतात.

आराखड्याची एक प्रत काढून घ्या, कापायला आणि चिकटवायला ती वापरा, मूळ कागदाला कात्री लावू नका. प्रतीवरचं एखादं माप पट्टीने मूळ कागदाशी ताडून बघा. प्रिंटर पान 'बसवण्यासाठी' परस्पर लहान करतो, आणि तीन टक्क्यांचा फरक डोळ्यांना कळत नाही.

३. काय काय लागतं

पहिल्या जहाजाला यंत्रं लागत नाहीत. लागतं ते एवढं:

- बारीक पात्याची सुरी आणि भरपूर पाती. बोथट पातं जास्त कापतं, फक्त लाकडाऐवजी बोट.
- बारीक दात्यांची छोटी करवत.
- हाताने फिरवायचं बारीक ड्रिल, ०.५ ते १.५ मिमीच्या सुया.
- छोटा रंधा. मिळाला तर उत्तम, नसेल तर स्टीलच्या पट्टीला धरून सुरीने फळी निमुळती करता येते.
- लहान कानशी, आणि १२०, २२० व ४०० नंबरचा पॉलिश पेपर.
- गुण्या, तोही छोटा.
- चिमटे: एक सरळ, एक वाकडा. आणि पकडायला क्लॅम्प, कपड्यांचे चिमटे, कागदाच्या क्लिपा, टाचण्या. हे कितीही आणा, दोन कमीच पडतात.
- लाकडाचा पांढरा गोंद आणि थोडा सुपरग्लू.
- स्टीलची पट्टी, एकच.

एकच का? १६२८ साली पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेलं 'वासा' जहाज १९६१ मध्ये वर काढलं, तेव्हा त्यात सुतारांच्या चार पट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या होत्या, दोन ॲमस्टरडॅमच्या, आणि ॲमस्टरडॅमचा फूट ११ इंचांचा. त्या जहाजाच्या दोन बाजूही तंतोतंत सारख्या नाहीत. टेबलावर दोन वेगवेगळ्या पट्ट्या असल्या की त्यांतली एक कोपऱ्यात झिजलेली असतेच.

गोंदाबद्दल: शक्य तिथे पांढराच वापरा. चुकलं तर पाण्याने किंवा स्पिरिटने सोडवता येतो. सुपरग्लू चुकीला माफी देत नाही, त्याच्या वाफेने डोळे चुरचुरतात आणि कालांतराने तो ठिसूळ होतो. तो वापरताना खिडकी उघडी हवी, चष्मा हवा. लाकूड घासताना मास्क लावा. अक्रोडाची भुकटी काही जणांना चांगलीच बाधते.

४. सांगाडा: काटकोन, काटकोन आणि काटकोन

कणा, म्हणजे गलबतवाल्यांच्या बोलीतला पठाण, सरळ उभा धरणारी काहीतरी बैठक आधी करा. सपाट फळीवर दोन लाकडी पट्ट्या ठोकून मधे कण्याच्या जाडीची फट ठेवली तरी चालतं. हातात धरून सांगाडा जोडू नका.

बल्कहेड आधी गोंदाशिवाय बसवून बघा. खाच घट्ट असेल तर कानशीने थोडी मोकळी करा, ठोकून बसवू नका, कारण प्रत्येक घट्ट खाच कण्याला किंचित वाकवते. बसला की गुण्या लावा: कण्याशी काटकोन वरून बघताना हवा आणि समोरून बघतानाही. मग गोंद. मुलांच्या खेळण्यातले जोडायचे प्लॅस्टिकचे ठोकळे कोपऱ्यात ठेवून चिमटा लावला तर गोंद सुकेपर्यंत बल्कहेड हलत नाही. त्या ठोकळ्यांचे कोन अगदी नेमके असतात. भलेभले बांधणारे हीच युक्ती वापरतात.

बल्कहेडांच्या मधल्या जागेत लाकडाचे तुकडे बसवून सांगाडा पक्का करून घ्या. नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, पहिल्या दोन बल्कहेडांच्या मधे तर भरीव ठोकळाच बसवा. किटमध्ये तो दिला नसेल तरी. तिथे फळी सगळ्यात जास्त वळते आणि तिला टेकायला दोनच कडा असतात. भरीव ठोकळा आकारात घासला की टाचणी कुठेही टोचता येते.

५. कडा उतरवणं: ज्या कामाला लोक एक संध्याकाळ देतात आणि द्यायला हवा आठवडा

बल्कहेड कापलेले असतात सरळ कडेचे. फळी मात्र त्यांच्यावरून तिरपी जाते. त्यामुळे पुढच्या बल्कहेडांची पुढची धार आणि मागच्यांची मागची धार तासून उतरती करावी लागते, म्हणजे फळी कडेच्या पूर्ण रुंदीवर टेकते. ती नुसत्या धारेवर टेकली तर दोन गोष्टी होतात. गोंदाला जागा मिळत नाही, आणि वरून बघताना प्रत्येक बल्कहेडपाशी एक उंचवटा दिसतो. भुकेल्या घोड्याच्या बरगड्या आठवा.

करायचं असं. दोन-तीन बल्कहेडांवर एकदम पोहोचेल इतक्या लांबीच्या पट्टीला १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. प्रत्येक बल्कहेडची पूर्ण कड पेन्सिलने काळी करा. फळी ज्या दिशेने जाणार त्याच दिशेने घासा. बाहेरच्या, म्हणजे जहाजाच्या मध्याकडच्या धारेवर पेन्सिलची बारीक रेघ शेवटपर्यंत उरली पाहिजे. ती पुसली गेली तर तुम्ही जहाजाचा आकारच बारीक करताय.

दर दहा मिनिटांनी एक फळी घेऊन नाळेपासून मागच्या टोकापर्यंत नुसती टेकवून बघा. वर, मधे, खाली. फटीतून उजेड दिसतोय का? एखादा बल्कहेड खोल गेला असेल तर त्याच्या कडेला पातळ पट्टी चिकटवून पुन्हा घासा. यात लाजण्यासारखं काही नाही, माझ्या चौथ्या जहाजात अशा तीन पट्ट्या आहेत.

शेवटची परीक्षा डोळे मिटून. बोटं सांगाड्यावरून पुढून मागे फिरवा. डोळ्यांना न दिसलेला खड्डा बोटाला लागतो.

६. फळ्या

इथे सगळ्यात मोठा गैरसमज असा की पट्ट्या किटमधून आल्या तशाच, एकसारख्या रुंदीच्या लावायच्या. तसं केलंत तर नाळेपाशी फळ्या एकमेकींवर चढायला लागतात. जहाज मधे फुगीर असतं आणि टोकांना निमुळतं, मग फळीही निमुळती हवी.

उदाहरण घेऊ. सर्वांत रुंद बल्कहेडवर डेकच्या कडेपासून कण्यापर्यंत कागदाची पट्टी गुंडाळून माप घेतलं, आलं ९० मिमी. फळी ५ मिमी रुंद, म्हणजे १८ फळ्या. आता तीच कागदाची पट्टी नाळेपाशी लावली, आलं ५४ मिमी. १८ फळ्या तिथेही बसायच्या आहेत, म्हणजे प्रत्येकीला ३ मिमी. झालं, प्रत्येक फळी ५ वरून ३ वर निमुळती करायची. हेच माप प्रत्येक बल्कहेडवर घेऊन कडेला पेन्सिलने खुणा करा. या खुणा हीच तुमची वही. फळी खुणेला लागली तर सगळं ठीक, नाही लागली तर पुढच्या फळीला दुरुस्ती करा, पाचव्या फळीपर्यंत थांबू नका.

निमुळती करताना अर्ध्या रुंदीच्या खाली जाऊ नका. ५ मिमीची फळी २.५ पेक्षा अरुंद होत असेल तर तिथे दोन फळ्यांची एक करून टाका. उलट मागच्या बाजूला कधी कधी जागा जास्त असते आणि फळ्यांमध्ये फट पडते. तिथे त्रिकोणी पाचर बसते. खऱ्या जहाजांवरही अशा पाचरी असत, तेव्हा त्या चूक समजू नका.

पहिली फळी डेकच्या कडेला. ती दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर, लयीत वळलेली हवी, कारण बाकीच्या सगळ्या तिच्याच चालीवर चालतात. तीन-चार जोड्या झाल्या की कण्यालगतची फळी लावा, आणि मग दोन्हीकडून मधे या. कण्यालगतच्या फळीचा एक सापळा आहे: ती नाळेकडे वर वर चढत जाऊ पाहते आणि आपण चढू देतो, कारण तशी ती सहज बसते. पण ती जितकी वर चढेल तितकी बाकीच्यांची जागा खाते. ती नाळेच्या वळणाच्या सुरुवातीलाच थांबवा.

आणि हे मी ठळक लिहिते: उजवीकडे एक, डावीकडे एक. कायम जोडीने. शक्यतो दोन्ही फळ्या एकदम कापा, एकदम वाकवा, एकामागोमाग लावा.

वाकवण्यासाठी फळी गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा, वळणावर क्लॅम्पने बांधा, केस वाळवायच्या ड्रायरने गरम हवा द्या आणि पूर्ण सुकू द्या. ओली फळी फुगलेली असते. तशीच चिकटवली तर सुकल्यावर आक्रसते आणि दोन फळ्यांमध्ये केसाएवढ्या फटी पडतात, अगदी प्रत्येक फळीला. मी एकदा ते केलंय, त्या फटी भरायला पुट्टीचा आख्खा डबा गेला.

फळीच्या कडाही किंचित तिरप्या तासा. गोल पिंपाच्या पट्ट्या जशा असतात तसं. नाहीतर आतून जुळतात आणि बाहेरून व्ही आकाराची खाच राहते.

किटमधले पितळी खिळे तात्पुरते धरायला वापरा, अर्धेच ठोका, गोंद सुकला की उपटा. आधी बारीक भोक पाडल्याशिवाय फळीच्या टोकाला खिळा मारलात तर ती उभी चिरते.

दिवसाला दोन जोड्या. त्याहून घाई नको.

७. घासणं, दुसरा थर, रंग

पहिला थर पूर्ण झाला की तो कुरूप दिसतो. सगळ्यांचाच दिसतो. फटींत पुट्टी भरा, १२० ने घासा, मग २२० ने. दुसरा थर बहुतेक अर्धा मिलिमीटर जाडीचा, अक्रोडासारख्या लाकडाचा असतो, म्हणजे तो घासायला फारसं काही उरत नाही. जे गुळगुळीत करायचं ते पहिल्याच थरावर.

दुसऱ्या थराला गोंद कमी लावा आणि बाहेर आलेला थेंब तिथल्या तिथे ओल्या फडक्याने पुसा. लाकडावर सुकलेला गोंद दिसत नाही, पण तेल किंवा व्हार्निश लावलं की तिथे फिकट डाग उमटतो, कारण तिथलं लाकूड तेल पीतच नाही. मग खरवडत बसावं लागतं. व्हार्निश चकचकीत नको, मॅट घ्या. १:६४ मध्ये चकाकी खेळण्यासारखी दिसते.

रंग असो की तेल, आधी दुसऱ्या लाकडावर लावून बघा. माझं ते वाकडं पहिलं जहाज याच कामाला येतं. त्याच्या एका बाजूवर आता सतरा तऱ्हेचे पट्टे आहेत.

८. डेक

डेकच्या फळ्या टोकापासून टोकापर्यंत अखंड नसत. २४ फुटांची फळी धरली तर १:६४ ला ११४ मिमी होते. शेजारच्या फळ्यांचे सांधे एका रेषेत आणू नका, किमान तीन फळ्या मधे गेल्यावरच सांधा पुन्हा त्याच तुळईवर येऊ द्या. खऱ्या जहाजात फटींमध्ये दोर ठोकून वर डांबर ओतत. त्या काळ्या रेघेसाठी फळीच्या एका कडेवर मऊ पेन्सिल फिरवा. मार्कर वापरू नका, व्हार्निश लावताच शाई फळीत पसरते. आणि डेक घासण्याऐवजी सुरीचं पातं उभं धरून हलकेच खरवडा, घासलंत तर पेन्सिलची काळी भुकटी सगळीकडे माखते.

९. डोलकाठ्या

गोल काठी टेबलावर लोळवून बघा, डगमगली तर बाजूला ठेवा. निमुळती करण्यासाठी लोक काठी ड्रिलमध्ये धरून पॉलिश पेपर लावतात. चालतं, पण बारीक काठी थरथरून मोडते. मला चौकोनी पट्टीपासून सुरुवात करणं जास्त आवडतं: आधी चौकोन निमुळता, मग चौकोनाचा अष्टकोन, मग सोळा बाजू, मग गोल. अष्टकोनासाठी प्रत्येक बाजूचे ७:१०:७ असे भाग पाडा आणि दोन्ही रेघांपर्यंत कोपरे तासा. काठी घडवणारे सुतार हेच प्रमाण वापरत आले आहेत.

आडव्या काठ्यांवरच्या सगळ्या कप्प्या, कड्या, फास टेबलावर बांधून घ्या. डेकवरचेही हूक आणि दोर अडकवायच्या खुंट्या डोलकाठी उभी करण्याआधी बसवा. नंतर दोरांच्या जाळ्यातून चिमटा घालून एक कप्पी बांधायला अर्धा तास लागतो, आणि कोपराने दुसरंच काहीतरी तुटतं.

१०. दोर

दोन जाती ओळखा. डोलकाठीला जागेवर धरणारे स्थिर दोर डांबर लावलेले असत, ते गडद तपकिरी किंवा काळे. शीड आणि काठ्या हलवणारे चालते दोर फिक्या रंगाचे.

जाडीचा एक सापळा आहे, त्यात मीही पडले. जुन्या तक्त्यांमध्ये दोराचं माप इंचांत दिलेलं असतं, ते घेराचं असतं, जाडीचं नाही. सहा इंची दोर म्हणजे जाडी जेमतेम १.९ इंच. १:६४ ला तो ०.७६ मिमी होतो. सहा इंच जाडी धरून चाललात तर डोलकाठीला अजगर बांधल्यासारखं दिसेल.

दोऱ्याला बारीक केस असतात. मेणातून ओढून घ्या. सुती असेल तर ज्योतीशेजारून झरकन नेला की केस जळून जातात. पॉलिएस्टर मात्र वितळतो.

क्रम साधा आहे: खालून वर, आतून बाहेर, स्थिर आधी, चालते नंतर. डोलकाठीच्या बाजूचे ताण-दोर, म्हणजे श्राउड, जोडीजोडीने लावतात. पहिली जोडी उजवीकडची सर्वांत पुढची, दुसरी डावीकडची, असं आलटून पालटून. इथेही तोच नियम, एका बाजूने ओढत सुटलात तर डोलकाठी त्या बाजूला कलते. त्यांच्या टोकांना बांधायचे तीन भोकांचे गोल लाकडी ठोकळे, म्हणजे डेडआय, एका ओळीत यावेत म्हणून तारेचा एक तुकडा दोन्ही टोकांना काटकोनात वाकवून मापाचा आकडा करा. वरच्या आणि खालच्या डेडआयच्या भोकांत तो अडकवून दोर बांधला की सगळी अंतरं सारखी येतात.

श्राउडवर चढायच्या दोरीच्या पायऱ्या खऱ्या जहाजावर १३ ते १५ इंचांच्या अंतराने असत, म्हणजे १:६४ ला ५ ते ६ मिमी. मागे आखलेला पांढरा पुठ्ठा लावा आणि रेघेवर रेघ बांधत जा. गाठ क्लोव्ह हिचची: दोरा श्राउडभोवती दोन वेढे घेतो आणि दुसऱ्या वेढ्याखालून बाहेर निघतो. गाठ घट्ट करा, पण दोरा ओढू नका. प्रत्येक पायरी थोडी थोडी ओढली गेली तर विसाव्या पायरीपर्यंत श्राउड मधे कंबर आवळल्यासारखे आत येतात, आणि ते लांबूनही दिसतं. एकदम सगळ्या पायऱ्या एका बाजूला बांधू नका, रोज दोन्ही बाजूंना पाच-पाच. कंटाळा येतो, पण हात आपोआप चालायला लागतो.

गाठीवर पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचा थेंब पुरतो. सुपरग्लू लावलात तर दोरा कडक, चकचकीत आणि ठिसूळ होतो, वर पांढरी वाफ धरते ती वेगळीच.

शिडं लावायची की नाही? मी लावत नाही. या प्रमाणात कुठलंही कापड गोणपाटासारखं जाड दिसतं, आणि दोरांचं काम झाकून जातं.

११. काचेची पेटी

पेटीचं माप जहाज पूर्ण झाल्यावर नाही, डोलकाठ्या लावण्याआधी घ्या, आणि ती दारातून आत जाईल का तेही बघा. उघड्यावर ठेवलेल्या जहाजाच्या दोरांवर वर्षभरात धूळ बसते. ती ब्रशने निघत नाही, ओल्या फडक्याने दोर तुटतात.

पेटीला ओकचं लाकूड वापरू नका. बंद पेटीत ओकमधून आम्लाची वाफ सुटत राहते आणि शिशाच्या तोफा, नांगर, पुतळे यांच्यावर पांढरी भुकटी धरायला लागते. ती शिशालाच खात जाते. किटमधले धातूचे भाग शिशाचे आहेत का हे नखाने ओरखडून कळतं: ओरखडा सहज उठतो आणि कागदावर घासल्यास राखाडी रेघ उमटते. तसे असतील तर रंगाचे दोन हात चढवा, हात साबणाने धुवा, आणि पेटीच्या तळाला हवा खेळायला चार भोकं ठेवा, मागच्या बाजूने, जाळी लावून.